कोरडा सांधा

“…आणि गळत कुठेच नाही म्हणतोस?”

दस्तगीर उस्तादांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा सिद्रामच्या कपाळावर आठी उमटली. पहिल्या दोन्ही वेळा त्याने अदबीने उत्तर दिले होते.

“कुठेच नाही, उस्ताद. टाकीपासून पंपापर्यंत नऊ सांधे आहेत. नऊच्या नऊ कोरडे ठणठणीत आहेत.”

“ठणठणीत…” उस्ताद पुटपुटले.

दोघांच्या समोर आक्काताई मगदूम यांची जुनी डिझेल पिकप उभी होती. मागे हौद्यात जांभळाची आणि फणसाची तीनशे रोपे ओल्या गोणपाटाखाली दाटीवाटीने उभी होती. ही रोपे करंजघाट चढून पठारावर जावयाची होती. परंतु पिकप घाट चढत नव्हती. महिन्याभरात चौथ्यांदा ती तिसऱ्याच वळणावर बंद पडली होती, आणि आक्काताईंनी ती न्यूट्रलवर, ब्रेक दाबत दाबत, उलटी घरंगळत पायथ्याशी आणून उस्तादांच्या गॅरेजात लावली होती.

आधीच्या तिन्ही वेळा दुरुस्ती सिद्रामची होती.

एरवी ही गोष्ट एवढी मोठी झाली नसती. जुन्या गाड्या थांबतात, मिस्त्री पुन्हा बसतात, जग चालते. परंतु तो दिवस खंडेनवमीचा होता.

गॅरेजाच्या ओट्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली होती. तिच्यावर पाने, हातोड्या, पकडी, टामी, जॅक अशी सारी हत्यारे घासूनपुसून ओळीने मांडलेली होती. प्रत्येकाला हळदकुंकू लावलेले आणि वर झेंडूचे फूल. त्या सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत त्यांना कोणी हात लावावयाचा नाही, असा तेथला दंडक होता. उस्ताद स्वतः पाच वेळचे नमाजी. पण ज्या गॅरेजात ते शिकले तेथे हा दिवस पाळला जाई, आणि गुरूच्या घरची रीत तीच शिष्याची रीत, यापलीकडे त्यांनी कोणाला कधी कारण दिले नव्हते.

त्याच दिवसाची आणखी एक रीत होती. जो शागीर्द तयार झाला असे उस्तादांना वाटे, त्याला ते दुपारी त्या चादरीवरून स्वतःच्या हाताने एक पाना उचलून देत. दुसऱ्या दिवशी त्याने आपले स्वतंत्र दुकान मांडावे. पाना न मिळताही दुकान मांडता येत असे, नाही असे नाही. मात्र घाटातला एकही ड्रायव्हर त्या दुकानापुढे गाडी थांबवत नसे. चाळीस वर्षांत उस्तादांनी चौघांना पाना दिला होता.

पाचवा सिद्राम होणार, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होते. अकरा वर्षे तो उस्तादांच्या हाताखाली राबला होता. शिवाय दुरुस्तीचा जाडजूड ग्रंथ त्याने आद्योपांत वाचला होता. इंधनाची वाट टाकीपासून नोझलपर्यंत तो डोळे मिटून धुळीत रेखाटून दाखवी. आणि त्याच्या हाताची ताकद तर घाटात म्हणीसारखी झाली होती. सिद्रामने आवळलेला बोल्ट सिद्रामलाच सुटतो, असे लोक म्हणत. बोल्ट पुरता बसल्यावरही तो शेवटचा पाव फेरा देई. त्या पाव फेऱ्याला धातू बारीक करकरे, आणि ती करकर ऐकल्याखेरीज त्याला काम संपल्याचे समाधान लाभत नसे.

घाटमाथ्यावर त्याने जागा घेतली होती. पत्रे येऊन पडले होते. नावाचा फलकसुद्धा रंगवून झाला होता.

आक्काताईंच्या कानावर हे आलेले होतेच.

“बोर्ड रंगवलाय म्हनं, सिद्रामदादा,” स्टीअरिंगवर कोपर टेकून त्या म्हणाल्या. “त्येच्यावर माझ्या गाडीचा फोटू काढा. तिसऱ्या वळनावर हुबी असल्याला.”

सिद्राम हसला नाही. या गाडीला त्याने काय काय केले, ते तो बोटांवर मोजत उस्तादांना सांगू लागला. पहिल्या खेपेस डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्या खेपेस टाकी उतरवून आतला गाळ काढला, जाळी धुतली. तिसऱ्या खेपेस फीडपंप नवा बसवला, नोझल तपासून घेतले. आज सकाळी टाकीचे झाकण उघडून पाहिले. आत हवा कोंडल्याचा फुस्स आवाज आला नाही, म्हणजे झाकणाचे भोकही मोकळे. मग फिल्टरवरच्या हातपंपाचे बटण दाबले, तर ते पहिले दहा-बारा दाब पोकळ गेले.

“म्हणजे गाडी एअर धरते,” सिद्राम म्हणाला. “डिझेलबरोबर हवा आत शिरते. एवढं नक्की.”

“कुठून?”

“सांध्यातून शिरत नाही. सांधे कोरडे आहेत. फीडपंप नवा आहे. म्हणजे पुढच्या मोठ्या पंपाच्या आतली सील गेली असणार. पंप खोलावा लागेल.”

“खोल.”

सिद्रामने चादरीकडे पाहिले.

उस्तादांनीही पाहिले. मग ते शांतपणे म्हणाले, “आज हत्यारं विसावा घेतात. आपण नाही.”

सिद्रामचे डोके मात्र तल्लख होते. त्याने युक्तिवाद मांडला. उस्तादांनी त्याला द्यावयाचा पाना दुपारऐवजी आत्ताच द्यावा. एकदा दिला, की तो पाना उस्तादांच्या गॅरेजाचा राहणार नाही, सिद्रामच्या दुकानाचा होईल. आणि सिद्रामच्या दुकानात कोणती रीत पाळावी, हे सिद्राम ठरवील. त्याने तो आज वापरला तर उस्तादांचा दंडक कुठे मोडतो?

आक्काताईंनी “वकील व्हा की,” असे म्हणून तोंडाला पदर लावला.

उस्ताद काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे; चाळीस वर्षे इंजिनांशेजारी उभे राहिल्याचे ते देणे होते. त्यामुळे त्यांनी ऐकले की नाही, असाही सिद्रामला संशय आला. पण त्यांनी ऐकले होते.

“दुपारपर्यंत ही गाडी घाट चढली, तर पाना तुझा,” ते म्हणाले.

“रिकाम्या हातानं?”

“रिकाम्या हातानं.”

“आणि नाही चढली तर…?”

उस्तादांनी घाटाकडे पाहिले.

सिद्रामला घाटमाथा आठवला. फलकाचा रंगसुद्धा अजून पुरता वाळला नव्हता.

मग तो पांढरे फडके घेऊन गाडीखाली शिरला. टाकीपासून सुरुवात करून पाइपाच्या वाटेने सरकत त्याने एकेक सांधा पुसला आणि पुसल्यावर फडके उजेडात धरून न्याहाळले. डिझेल झिरपले तर डाग पडतो, डागावर धूळ बसते, धुळीचा चिकट काळा थर होतो. या खुणेला मिस्त्री कधी चुकत नाही. एकही डाग नव्हता. नववा सांधा फिल्टरच्या तोंडाशी होता. तेथे एक पोकळ बोल्ट आणि त्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या चकत्या होत्या. तो तर नव्या नाण्यासारखा लखलखत होता.

बाहेर येऊन त्याने फडके उस्तादांपुढे पसरले. पांढरे ते पांढरेच होते.

उस्तादांनी फडक्याला हात लावला नाही.

“या नवांपैकी कोणत्या सांध्यावर तुझा सगळ्यांत कमी संशय?”

सिद्रामला प्रश्नाचे नवल वाटले. “नवव्यावर,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशी फिल्टर बदलला तेव्हा तो मी बसवलाय. प्रत्येक खेपेला गाडी सोडण्याआधी पुन्हा आवळलाय.”

“हं…”

एवढे म्हणून उस्ताद काठी टेकत उठले. ते इंजिनाकडे गेले नाहीत. पिकपच्या खिडकीपाशी आक्काताईंकडे गेले.

“लेकी, बंद पडायच्या आधी ती काय करते?”

आक्काताई सावरून बसल्या. महिन्याभरात त्यांना हे कोणी विचारले नव्हते. त्यांनी मोठ्या हौसेने सांगितले, की आधी आवाज बसतो, मग म्हातारीला धाप लागल्यागत ती दोन-तीन आचके देते, आणि मग निमूट होते. बटण दाबून एअर काढली की पुन्हा चालू होते, अर्धा फर्लांग जाते, पुन्हा तेच. सपाटीवर मात्र दिवसभर पळवा, कुरकुर नाही.

“आणि उतरताना?”

“उतरताना कधीच न्हाई.”

“कधीच नाही…?”

“एकदा बी न्हाई. पठारावरनं खाली येताना अगदी शहान्या बाईसारखी येती.”

उस्ताद सिद्रामकडे वळले नाहीत. आक्काताईंनाच त्यांनी विचारले, “हे तू याला सांगितलं होतंस?”

“त्यांनी इचारलं न्हाई,” आक्काताई म्हणाल्या.

सिद्रामने मान दुसरीकडे केली. बाईमाणसाला डिझेलच्या वाटेतले काय विचारावयाचे, असे त्याला वाटले होते, हे खरेच होते.

उस्तादांनी आता एक विचित्र आज्ञा केली. सिद्रामने बटण दाबून पाइपातली सगळी एअर काढावी. बटण दगडासारखे घट्ट लागले, की आक्काताईंनी गाडी चालू करून बाहेर काढावी, चिंचेच्या झाडापलीकडच्या जुन्या खाणीच्या उतारावर न्यावी, आणि तोंड खाली करून उभी करावी. पाठ घाटाकडे, नाक खोऱ्याकडे. मग इंजिन बंद.

“गाडी चढावर थांबते, उस्ताद,” सिद्राम म्हणाला. “तुम्ही उतारावर उभी करताय.”

“होय.”

“चालू असताना थांबते. तुम्ही बंद करायला सांगताय.”

“होय.”

सिद्रामच्या मनात एक लाजिरवाणा विचार येऊन गेला. वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्यात मोतीबिंदू. आयुष्यभर जे डोके चालले, ते आता तिसऱ्या वळणावर आले असेल काय?

तरीही त्याने सांगितले तसे केले. अकरा वर्षांची सवय होती.

खाणीचा उतार चांगलाच खडा होता. दोन वर्षांपूर्वी सिद्रामने हट्टाने गॅरेजाची जमीन सिमेंटची करून घेतली होती. पाण्याची नळी लावून, थेंबभरही उतार राहू न देता, आरशासारखी सपाट. त्यापूर्वी उस्ताद सगळी कामे या खाणीच्या उतारावरच करीत. सिद्रामला तेव्हा ते अडाणीपणाचे वाटे.

गाडी नाक खाली करून उभी राहिली. आक्काताईंनी हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, उतरून चाकांपुढे दोन मोठे धोंडे लावले. इंजिन बंद झाले, आणि खोऱ्यातली शांतता एकदम जवळ आली.

“खाली जा,” उस्ताद म्हणाले.

“काय पाहू?”

उस्ताद चिंचेच्या मुळावर बसले. डोळे मिटले.

सिद्राम पाठीवर पडून गाडीखाली सरकला. वर पाइप होता, तोच. सांधे होते, तेच. त्याने पहिल्यापासून नवव्यापर्यंत नजर फिरवली आणि नवव्यापासून पहिल्यापर्यंत परत आणली. सारे कोरडे होते.

वेळ गेला. पाठीखालचा मुरूम टोचू लागला. हौद्यातल्या गोणपाटातून पाण्याचा एखादा थेंब टपकत होता, त्याचा आवाज येत होता. आक्काताई कोणाशी तरी फोनवर बोलल्या, की खड्डे खणून ठेवलेत ते झाकून ठेवा, आम्ही येतोच आहोत. त्यांच्या त्या ‘येतोच आहोत’ची सिद्रामला भीती वाटली.

“उस्ताद, काहीच दिसत नाही.”

चिंचेखालून नुसता काठी हलल्याचा आवाज आला.

दुपार आणखी जवळ आली. सिद्रामने आता पाइपाकडे पाहणे सोडले होते. तो नुसताच पडला होता. घाटमाथ्यावरचा फलक, त्यावरचे आपले नाव, नावापुढचा ‘मिस्त्री’ हा शब्द, असे काही काही डोळ्यांपुढून जात होते. आणि ते सगळे निघून गेल्यावर त्याला समोर लखलखणारा तो नववा सांधा दिसला.

त्याच्या कडेला काहीतरी होते.

आधी वाटले, उजेडाची तिरीप असावी. तांब्याच्या चकतीच्या काठावर, केसाहून बारीक अशी एक ओली रेघ.  रेघ हळूहळू जाड झाली. तिच्या मधोमध एक फुगवटा आला. फुगवट्याचा थेंब झाला. तो थेंब लोंबू लागला, पण पडेना. त्यात खालचा सगळा मुलूख उलटा होऊन सामावला होता. चिंचेचे झाड, झाडाखालची पांढरी दाढी, त्यामागचे आभाळ.

सिद्रामने आयुष्यात हजारो थेंब पाहिले होते. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास कायमचा लागला होता. परंतु डिझेल एवढे सुंदर असते, हे त्याने कधी पाहिले नव्हते.

थेंब सुटला आणि त्याच्या गालावर पडला.

लगेच दुसरा जमू लागला.

आता सिद्रामला सगळे एका क्षणात उमगले. चढावर टाकी खाली राहते, इंजिन वर. पंपाला सारा जोर लावून डिझेल ओढावे लागते. वाटेत फट असेल तर त्या ओढीने फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून फट कोरडी. किंबहुना जितकी ओढ अधिक, तितकी ती अधिक कोरडी. उतारावर टाकी वर आणि इंजिन खाली. ओढणारे कोणी नाही. तेव्हा जी फट आजवर गुपचूप घेत होती, तिला पहिल्यांदा द्यावे लागले.

हे ग्रंथात नव्हते काय? असणार. बहुधा होतेच. त्याने पानेसुद्धा आठवली. पण ग्रंथ सपाट टेबलावर ठेवून वाचला होता.

आणि त्याहून मोठी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर होती. त्या चकतीला तडा गेला होता. तडा जुना नव्हता. त्याची कड ताजी, लालसर होती. तांबे मऊ असते. ते आवळले की पसरते, आणखी आवळले की पातळ होते, त्याहून आवळले की चिरते. पहिल्या खेपेस पाव फेरा. दुसऱ्या खेपेस पाव फेरा. तिसऱ्या खेपेस पाव फेरा. गाडी प्रत्येक वेळी त्याच्याकडे बरी होण्यासाठी आली होती, आणि प्रत्येक वेळी, हातातले काम संपवून, समाधानाने, त्याने ती फट थोडी रुंद करून परत पाठवली होती.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या गालावरून डिझेलचा ओघळ गेला होता. त्याने तो पुसला नाही.

“नववा,” तो म्हणाला.

उस्तादांनी डोळे उघडले. मान हलवली. विजयाचा किंवा खेदाचा काहीही भाव त्या चेहऱ्यावर नव्हता. पाऊस पडेल असे म्हणावे आणि तो पडावा, तितकेच.

सिद्रामला त्या म्हाताऱ्याकडे नीट पाहवेना. हत्यार नाही, गाडीला बोटही लावले नाही, धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. बाईला दोन प्रश्न विचारले, आणि गाडीची पाठ फिरवली. बस्स.

“पण चकती बदलायला पाना लागेल,” सिद्राम हलक्या आवाजात म्हणाला. “आज तर…”

उस्तादांनी आक्काताईंकडे साबण मागितला. आक्काताई रोपवाटिकेच्या मातीत हात घालणाऱ्या. कपड्याच्या साबणाची अर्धी वडी त्यांच्या सीटमागे नेहमी असे. गाडी पुन्हा सपाटीवर आणली गेली. उस्तादांनी वडीचा तुकडा तळहातावर घेतला आणि पाणी न लावता अंगठ्याने मळावयास सुरुवात केली. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, एवढे त्यांनी सांगितले. तुकडा मेणासारखा झाल्यावर त्यांनी तो सिद्रामच्या हातावर ठेवला. सिद्रामने फडक्याने सांधा कोरडा केला आणि साबण चकतीभोवती लावावयास घेतला.

“दाबून बसवू?”

“तुला वाटतं त्याच्या निम्मं.”

सिद्रामने दाबले. उस्तादांनी गाडीखाली हात घालून चाचपले.

“त्याच्याही निम्मं.”

सिद्रामने बोटांची फक्त टोके टेकवली. दीडशे किलोचे गिअरबॉक्स पेलणारी ती बोटे; त्यांना एवढे हळू काही करणे ठाऊकच नव्हते. तिसऱ्या प्रयत्नाला उस्तादांनी चाचपून हात काढून घेतला. मग वरून फडक्याची पट्टी गुंडाळली गेली.

आक्काताई वाकून पाहत होत्या. “साबनावर तीनशे रोपं घाट चढायची व्हय?” त्यांनी विचारले. “मधीच निघालं तर?”

“जेवढा चढ, तेवढा तो घट्ट बसेल, लेकी,” उस्ताद म्हणाले. “आता पंपच त्याला आत ओढून धरील.”

ज्या ओढीने गाडी थांबत होती, तीच ओढ आता गाडी नेणार होती.  त्याला उस्तादांच्या पाया पडावेसे वाटले. पण ते त्यांना आवडत नसे.

तो आक्काताईंच्या शेजारी बसून वर गेला.

पहिले वळण गेले. दुसरे गेले.  तिसऱ्या वळणाआधी आक्काताईंनी एक हात स्टीअरिंगवरून काढून कपाळाला लावला. इंजिनाचा आवाज खोल झाला… सिद्रामने खालचा ओठ दातांत धरला… आवाज खोलच राहिला, बसला मात्र नाही. वळण मागे पडले. आक्काताईंनी आरशात त्याकडे एकदा पाहिले, जसे नको असलेल्या पाहुण्याला निरोप देताना पाहावे, आणि गिअर बदलला.

घाटमाथ्यावर सिद्रामची जागा आली. पत्र्यांचा ढीग आणि त्याला टेकून ठेवलेला फलक दिसला. आक्काताईंनी गाडी हळू केली.

“उतरनार?”

“नको. पठारापर्यंत येतो. रोपं उतरवायला हात लागतील.”

आक्काताई त्याच्याकडे पाहून काहीतरी खोचक बोलणार होत्या. त्यांनी ते गिळले. पठारावर पोहोचल्यावर सिद्रामने स्वतः निम्मी रोपे उतरवली. आक्काताई म्हणाल्या, उद्या सूर्य उगवला की गाडी आणते, तेवढी चकती बसवा. आणि जरा थांबून म्हणाल्या, “बेतानं.”

तो पायी खाली आला. दुपार कधीच टळून गेली होती. चादरीवरचे झेंडू मलूल झाले होते. उस्ताद ओट्याच्या कडेला बसले होते. ते जेवलेही नव्हते.

“चढली,” सिद्राम म्हणाला.

“आवाज ऐकला.”

सिद्राम त्यांच्यासमोर खाली बसला. 

“उस्ताद… तो बोल्ट मी प्रत्येक वेळी आवळताना तुम्ही पाहत होता.”

“पाहत नव्हतो. ऐकत होतो.”

“तांबं चिरतंय, हे ऐकू येत होतं तुम्हाला?”

उस्तादांनी मान डोलावली. त्यांचा एकच कान चालत होता.

“मग मला थांबवलं का नाही?”

“तुला तो आवाज आवडायचा…”

सिद्रामने डोके खाली घातले. वर केले तेव्हा उस्तादांच्या दोन्ही तळहातांवर पाना होता. फूल बाजूला ठेवले होते, कुंकू तसेच होते. ते दोन्ही हात त्याच्यापुढे येऊन थांबले.

सिद्रामने हात पुढे केला नाही.

“मला नको, उस्ताद.”

“गाडी चढली.”

“गाडी चढली. पण माझं मात्र…”   त्याने आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते. “सकाळी मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी कोणता बोल्ट किती आवळायचा ते मी सांगितलं असतं. आणि आता… किती आवळायचं, तेच मला कळेनासं झालंय.”

उस्तादांचे हात तसेच पुढे होते.

“मग दुकान उघड,” ते म्हणाले.